मोटारसायकलवरील उपग्रह दिशादर्शक उपकरण : वाहन सेटिंगविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोटारसायकलसाठी बनवलेले दिशादर्शक उपकरण नवे घेतले की बहुतेक चालक दोन कामे लगेच उरकतात. ते हँडलबारवर घट्ट बसवतात आणि हेल्मेटमधल्या हेडसेटला जोडतात. वाहन सेटिंगचे पान मात्र पुष्कळदा कारखान्यातून आले तसेच राहते, आणि पुढे कधी आडवाटेला लागल्यावर सगळा दोष नकाशाला दिला जातो. खालील उत्तरे गार्मिनची झूमो किंवा टॉमटॉमची रायडर यांसारखी, खास दुचाकीसाठी बनवलेली उपकरणे समोर ठेवून लिहिली आहेत. मेनूतील नावे आणि त्यांच्या जागा मॉडेलनुसार बदलतात. त्यामागचे काम मात्र जवळपास सारखेच असते.

वाहन प्रोफाइल म्हणजे नेमके काय?

उपकरणाला तुमची गाडी दिसत नाही. किमान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की त्याला स्वतःची जागा व उंची काढता येते आणि ती जागा कशी सरकते आहे त्यावरून वेग व दिशा कळते. पण ते दुचाकीवर बसवले आहे की मोटारीत, टाकीत पेट्रोल किती आहे, चालकाला घाटातून जायचे आहे की महामार्गाने झटपट पोहोचायचे आहे, यांपैकी काहीही त्याला आकाशातून कळत नाही. ते आपणच त्याला सांगावे लागते, आणि हे सांगणे ज्या कप्प्यात साठवलेले असते तो कप्पा म्हणजे वाहन प्रोफाइल.

नकाशातला प्रत्येक रस्ता लहान लहान तुकड्यांत नोंदलेला असतो. रस्ता कोणत्या दर्जाचा, एकेरी की दुहेरी, पक्का की कच्चा, टोलचा की बिनटोलचा, कोणत्या वाहनांना तिथे मनाई, तिथे साधारण किती वेगाने जाता येते, अशी माहिती प्रत्येक तुकड्याला जोडलेली असते. मार्ग काढताना उपकरण या नोंदी तुमच्या प्रोफाइलशी ताडून पाहते, काही तुकडे सरळ वगळते, काहींना नापसंतीचे गुण देते आणि उरलेल्यांतून सर्वांत स्वस्त पडणारी साखळी निवडते. म्हणूनच त्याच दोन ठिकाणांदरम्यान दोन प्रोफाइल दोन निराळे मार्ग देऊ शकतात आणि दोन्ही आपापल्या परीने बरोबर असू शकतात.

नकाशावर मोटारसायकलचे चित्र निवडले आहे. म्हणजे प्रोफाइलही मोटारसायकलचे झाले का?

नाही. या एका गैरसमजामुळे जितका घोळ होतो तितका क्वचितच दुसऱ्या कशामुळे होत असेल. नकाशावर तुमची जागा दाखवणारे चित्र ही केवळ शोभेची निवड आहे. ते बाण असो, मोटारसायकल असो वा ट्रॅक्टर, मार्ग काढण्यावर त्याचा काडीचाही परिणाम होत नाही. पुष्कळ उपकरणांत नकाशाची आणि वाहनाची सेटिंग एकाच पानावर असते आणि हे चित्र तिथे सर्वांत वर, ठळकपणे दिसते, त्यामुळे ते बदलले की काम झाले असे वाटते. मार्गावर परिणाम करणाऱ्या गोष्टी म्हणजे प्रोफाइलचा प्रकार, मार्ग काढण्याची पद्धत आणि टाळायच्या गोष्टींची यादी, आणि त्या बहुधा दिशादर्शनाच्या वेगळ्या पानावर असतात. तिथे जाऊन त्या डोळ्यांनी तपासल्याशिवाय समाधान मानू नये.

तेच उपकरण मोटारीतही वापरतो. प्रत्येक वेळी प्रोफाइल बदलणे खरेच आवश्यक आहे का?

आवश्यक आहे. काही देशांत द्रुतगती महामार्गांवर किंवा शहरांतील काही पूल व बोगद्यांमध्ये दुचाकींना प्रवेश नसतो. उलट काही ठिकाणी बससाठी राखलेल्या मार्गिका दुचाकींना खुल्या असतात आणि काही टोलनाक्यांवर दुचाकीला टोल भरावा लागत नाही. मोटारीच्या प्रोफाइलवर हे भेद उपकरणाच्या हिशेबात धरले जात नाहीत. नकाशात दुचाकीची मनाई व्यवस्थित नोंदलेली असूनही ते तुम्हाला त्या पुलाच्या तोंडाशी नेऊन उभे करील, कारण त्याच्या समजुतीप्रमाणे तुम्ही मोटारीत बसलेले आहात.

काही उपकरणे मोटारसायकलच्या पाळण्यात (उपकरण अडकवण्याच्या चौकटीत) बसवली की आपोआप दुचाकीचे प्रोफाइल घेतात आणि मोटारीच्या पाळण्यात बसवली की मोटारीचे. ही सोय उत्तम आहे. मात्र उपकरण पाळण्यात न बसवता, घरी टेबलावर मार्ग आखताना, आधी वापरलेलेच प्रोफाइल चालू राहते. आदल्या रात्री आखलेला मार्ग सकाळी गाडीवर वेगळाच दिसतो त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

मार्ग काढण्याच्या वेगवेगळ्या पद्धतींपैकी कोणती निवडावी?

कमी वेळाचा मार्ग, कमी अंतराचा मार्ग, वळणांचा मार्ग आणि सरळ रेषा, असे चार पर्याय साधारणपणे असतात. रोजच्या जाण्यायेण्यासाठी आणि अनोळखी शहरातून बाहेर पडण्यासाठी कमी वेळाचा मार्ग सर्वांत विश्वासू ठरतो, कारण तो मोठ्या आणि चांगल्या रस्त्यांना झुकते माप देतो.

कमी अंतराच्या मार्गाबद्दल मात्र मी सावधपणे बोलतो. हा पर्याय ऐकायला काटकसरीचा वाटतो, पण उपकरण त्याचा अर्थ अगदी शब्दशः घेते. दोनशे मीटर वाचत असतील तर ते चांगला रस्ता सोडून गल्लीत, शेताच्या बांधावरून किंवा कुंपणालगतच्या वाटेवर शिरते. एकदा दिवस मावळतीला आलेला असताना मी हा पर्याय चालू ठेवून निघालो होतो, आणि कच्चे रस्ते टाळण्याची सूचना बंद होती हे माझ्या लक्षात राहिले नव्हते. डांबर संपले, मग खडी संपली, आणि शेवटी चाकोऱ्यांमध्ये पाणी साचलेली, मधोमध गुडघाभर गवत वाढलेली वाट उरली. पडद्यावर मात्र जांभळी रेघ ठाम होती आणि मुक्कामाला चार किलोमीटर उरल्याचे दिसत होते. सामानाने जड झालेली गाडी त्या चिखलात वळवायला मला अर्धा तास लागला. उपकरणाची त्यात काहीही चूक नव्हती. मी जे मागितले होते तेच त्याने दिले होते.

वळणांचा मार्ग ही खास दुचाकीच्या उपकरणांची देणगी आहे. टॉमटॉमच्या रायडरमध्ये वळणे किती हवीत आणि चढउतार किती हवेत हे तीन पायऱ्यांमध्ये ठरवता येते, तर गार्मिनच्या झूमोमध्ये वळणे, डोंगर आणि मोठे महामार्ग यांच्यासाठी वेगवेगळ्या सरकपट्ट्या असतात. पहिल्यांदा वापरताना मधली पायरी ठेवावी. सर्वांत वरच्या पायरीवर उपकरण वळणांच्या हौसेपायी तुम्हाला घरांच्या वसाहतींमधून फिरवू शकते, कारण त्याच्या गणितात गल्लीचा काटकोन हेसुद्धा वळणच असते. अशा मार्गाला लागणारा वेळही आधी पाहून घ्यावा. सरळ रस्त्याने दोन तासांचा प्रवास सहज चार तासांवर जातो, आणि दमलेल्या चालकाला शेवटच्या तासातली वळणे आनंद देत नाहीत.

सरळ रेषेचा पर्याय रस्त्यांचा विचारच करत नाही. तो मुक्कामाची दिशा आणि हवाई अंतर तेवढे दाखवतो. वाळवंटात, माळरानावर किंवा नकाशात नसलेल्या वाटांवर त्याचा उपयोग आहे. रस्त्यावर तो चुकून चालू राहिला तर वळणांच्या सूचना येणे बंद होते आणि उपकरण बिघडले असे वाटू लागते.

टाळायच्या गोष्टींच्या यादीत काय काय असते आणि सुरुवातीला काय निवडावे?

यू-टर्न, द्रुतगती महामार्ग, टोलचे रस्ते, फेरीबोटी, कच्चे रस्ते, काही काळ बंद असणारे रस्ते आणि अनेक प्रवासी असलेल्या मोटारींसाठी राखलेल्या मार्गिका, असे पर्याय बहुतेक ठिकाणी असतात. साध्या रस्त्यावरच्या गाडीसाठी कच्चे रस्ते आणि यू-टर्न टाळण्याची सूचना चालू ठेवावी, आणि बाकीच्या तशाच सोडाव्यात, असे माझे मत आहे. जड गाडी मागच्या सीटवरच्या माणसासह अरुंद रस्त्यावर वळवणे हे मोटार वळवण्याइतके सोपे नसते, तेव्हा यू-टर्न टाळण्याने थोडे अंतर वाढले तरी चालेल.

तारीख आणि वेळेनुसार बंद होणारे रस्ते टाळण्याचा पर्याय दिसला तर तो अवश्य चालू करावा. उंच डोंगरांतल्या कित्येक खिंडी हिवाळ्यात बर्फामुळे महिनोन्महिने बंद असतात. उपकरणाची तारीख उपग्रहांकडून येत असल्याने ती बरोबरच असते, पण त्या तारखेचा विचार करायला त्याला सांगितले नसेल तर भर हिवाळ्यातही ते तुम्हाला त्या खिंडीकडे पाठवील.

याखेरीज स्वतःची यादी करण्याची सोय बहुतेक चांगल्या उपकरणांत असते. नकाशावर एखादा रस्ता किंवा एखादा चौकोनी भाग आखून तो कायमचा टाळता येतो. कामे चालू असलेला पूल किंवा पावसात निसरडा होणारा फरसबंदीचा चौक यासाठी ती वापरावी. मात्र काम संपल्यावर नोंद काढून टाकावी, कारण वर्षभरानंतर आपण ती केली होती हेच आठवत नाही आणि मार्ग विनाकारण लांबून का जातो याचा उलगडा होत नाही.

टोल टाळा असे सांगूनही उपकरण टोलच्या रस्त्याने का नेते?

टाळण्याची सूचना ही बऱ्याच उपकरणांत बंदी नसून जोरदार नापसंती असते. दुसरा रस्ताच नसेल, किंवा दुसऱ्या रस्त्याने फारच मोठा वळसा पडत असेल, तर उपकरण नाइलाजाने टोलचा तुकडा वापरते. सुरुवातीचे किंवा शेवटचे ठिकाणच तशा रस्त्यावर असेल तरी तेच होते. काही उपकरणे अशा वेळी पडद्यावर तशी सूचना देतात. मार्ग सुरू करण्यापूर्वी ती वाचण्याची सवय लावावी. याशिवाय सेटिंग बदलण्यापूर्वीच मार्ग काढलेला असेल तर जुना मार्ग तसाच राहू शकतो, म्हणून बदलानंतर मार्ग नव्याने काढून घेणे बरे.

दुचाकीसाठी असलेले सगळे कायदे प्रोफाइलला माहीत असतात का?

नसतात, आणि असतील असे धरूनही चालू नये. जो नियम नकाशात रस्त्याच्या तुकड्याला जोडला गेला आहे तेवढाच उपकरणाला कळतो. ऑस्ट्रियातल्या टिरोल प्रांताचे उदाहरण घ्या. तिथल्या काही डोंगरी रस्त्यांवर २०२० पासून उन्हाळी हंगामात, नोंदणीपत्रात उभ्या गाडीचा आवाज ९५ डेसिबलपेक्षा जास्त नोंदलेला असलेल्या मोटारसायकलींना मनाई करण्यात आली. असा नियम वाहनाच्या एका विशिष्ट आकड्यावर अवलंबून असतो, आणि तो आकडा भरण्याची जागाच प्रोफाइलमध्ये नसेल तर उपकरण तुमची गाडी आणि शेजारची शांत गाडी यांत फरक करू शकत नाही. रस्त्याकडेची पाटी आणि पडदा यांच्यात विरोध दिसला तर पाटीचे ऐकावे.

संगणकावर आखलेला मार्ग उपकरणात घातल्यावर बदलतो. असे का होते?

कारण संगणकावरील प्रोफाइल आणि उपकरणातील प्रोफाइल वेगवेगळे असते. मार्गाच्या फाइलमध्ये पुष्कळदा फक्त काही बिंदू साठवलेले असतात. त्या बिंदूंमधले रस्ते उपकरण स्वतःच्या सेटिंगप्रमाणे पुन्हा काढते. तुम्ही संगणकावर महामार्ग टाळले असतील आणि उपकरणात ते खुले असतील, तर दोन बिंदूंच्या मधला सगळा डोंगरी रस्ता गळून मार्ग महामार्गावर जाऊन बसतो.

यावर दोन उपाय आहेत. दोन्हीकडची मार्ग काढण्याची पद्धत आणि टाळायच्या गोष्टी एकसारख्या ठेवाव्यात आणि जिथे मार्ग भरकटण्याची शक्यता आहे त्या फाट्यानंतर थोड्याच अंतरावर एक बिंदू टाकावा. बिंदू नेमका फाट्यावर किंवा शहराच्या मध्यावर टाकू नये. तो रस्त्याच्या विरुद्ध बाजूला किंवा बाजूच्या सेवारस्त्यावर पडला तर उपकरण तिथे पोहोचण्यासाठी तुम्हाला गोल फिरवते. आकार देणारे बिंदू (मार्ग फक्त तिथून जावा यासाठीचे) आणि थांब्याचे बिंदू (जिथे पोहोचायलाच हवे असे) असा भेद उपकरणात असेल तर बहुतेक बिंदू आकार देणारेच ठेवावेत, कारण थांब्याचा बिंदू चुकला की उपकरण तुम्हाला परत मागे बोलावत राहते.

दुसरा उपाय म्हणजे मार्गाऐवजी ट्रॅक घालणे. ट्रॅकमध्ये वाटेची रेघ अगदी जवळजवळच्या असंख्य बिंदूंनी आखलेली असते, त्यामुळे नकाशावर ती जशीच्या तशी दाखवली असता प्रोफाइलचा तिच्यावर परिणाम होत नाही. मात्र उपकरणाला ट्रॅकचे मार्गात रूपांतर करायला सांगितले, तर सेटिंगचा परिणाम काही प्रमाणात पुन्हा होऊ शकतो.

रस्ता चुकल्यावर मार्ग आपोआप नव्याने काढला जावा की नको?

एकटे आणि अनोळखी शहरात असाल तर आपोआप. ठरवलेल्या डोंगरी मार्गावरून गटाने जात असाल तर विचारून, म्हणजे उपकरण पडद्यावर परवानगी मागेल आणि तुम्ही थांबून निर्णय घ्याल. एका चुकलेल्या वळणानंतर आपोआप काढलेला नवा मार्ग पुढची सगळी आखणी बाजूला टाकून थेट मुक्कामाकडे नेऊ शकतो, आणि हे तुमच्या लक्षात येईपर्यंत निम्मा घाट हुकलेला असतो.

पेट्रोलची सेटिंग कशी भरावी? उपकरणाला टाकी कळते का?

टाकी कळत नाही. उपकरण फक्त अंतर मोजते. पूर्ण टाकीत गाडी किती किलोमीटर जाते हा आकडा तुम्ही भरायचा, आणि जसजसे अंतर कापले जाते तसतसा त्यातून ते वजा करत जाते. त्यामुळे या सेटिंगची सगळी मदार तुम्ही दिलेल्या पहिल्या आकड्यावर असते, आणि तो जाहिरातीतून किंवा आठवणीतून न घेता मोजून घ्यावा.

मोजण्याची रीत सोपी आहे. गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करून टाकी ठराविक खुणेपर्यंत भरावी, ट्रिप मीटर शून्यावर आणावा, नेहमीसारखी गाडी चालवावी आणि पुन्हा तशीच उभी करून त्याच खुणेपर्यंत पेट्रोल भरावे. समजा २१० किलोमीटर झाले आणि ७.५ लिटर पेट्रोल बसले, तर सरासरी २८ किलोमीटर प्रति लिटर पडली. टाकी १५ लिटरची असेल तर कागदावर ४२० किलोमीटर येतात. मी मात्र उपकरणात ३५० किंवा ३६०च लिहितो. टाकीच्या तळाचे पेट्रोल शेवटच्या थेंबापर्यंत वापरण्यासारखे नसते, आणि समोरचा वारा, मागे बसलेला माणूस, भरलेल्या पेट्या आणि महामार्गावरचा जास्त वेग यांनी सरासरी चांगलीच खाली येते. इशारा किती किलोमीटर उरल्यावर मिळावा हा आकडा तुमच्या प्रदेशातल्या पंपांच्या अंतरावर ठरवावा. विरळ वस्तीच्या भागात मी तो किमान ८० ठेवीन.

पेट्रोल भरल्यावर उपकरणातला टाकी भरल्याचा पर्याय दाबायला विसरू नये, आणि तो फक्त टाकी खरोखर पूर्ण भरली असेल तेव्हाच दाबावा. अर्धीच टाकी भरून तो दाबला तर उपकरण पूर्ण टाकी धरून चालते, आणि ही चूक तुम्हाला पेट्रोल संपून रस्त्याकडेला उभे करणारी आहे. थोडेसेच पेट्रोल भरले असेल तर आकड्याला हात न लावणे चांगले. मग काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो, आणि ती चूक सुरक्षित बाजूची आहे. उपकरण न लावता केलेला प्रवासही त्याच्या हिशेबात येत नाही, हे ध्यानात असावे. गाडी रिझर्व्हला लागल्याचा दिवा पेटला तर पडद्यावर काहीही दिसो, दिव्यावरच विश्वास ठेवावा.

टायरमधील हवेचा दाब दाखवणारे सेन्सर जोडताना कोणती काळजी घ्यावी?

काही उपकरणांना व्हॉल्व्हच्या टोपीच्या जागी बसणारे छोटे सेन्सर जोडता येतात आणि त्यांचे आकडे पडद्यावर दिसतात. जोडणी करताना पुढचा कोणता आणि मागचा कोणता हे उपकरण विचारते. पंक्चर काढताना किंवा टायर बदलताना हे सेन्सर काढून बाजूला ठेवले जातात आणि परत लावताना त्यांची अदलाबदल सहज होते. मी माझ्या सेन्सरवर आतल्या बाजूने पुढच्यासाठी एक आणि मागच्यासाठी दोन असे रंगाचे ठिपके दिले आहेत. चाक हातात असताना, ग्रीसने माखलेल्या बोटांनीही ते ठिपके ओळखता येतात, आणि मागच्या टायरची हवा कमी झालेली असताना पुढचाच टायर तपासत बसण्याची वेळ येत नाही.

दाबाचे एकक आधी नक्की करावे. १ बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय आणि १०० किलोपास्कल. गाडीच्या पुस्तिकेत २.५ बार लिहिलेले असेल तर ते साधारण ३६ पीएसआय होतात. इशाऱ्याची मर्यादा भरताना एककाचा घोटाळा झाला तर एक तर इशारा अखंड वाजत राहतो किंवा टायर बसला तरी वाजत नाही.

पुस्तिकेत किंवा गाडीवरच्या स्टिकरवर दिलेला दाब थंड टायरसाठी असतो. चालवल्यावर टायर तापतो आणि आतली हवाही तापते; ३६ पीएसआयच्या आसपास दर १० अंश सेल्सिअसला दाब सुमारे दीड ते दोन पीएसआयने वाढतो. पडद्यावर ४० किंवा ४१ दिसले म्हणून थांबून हवा सोडू नये, नाही तर दुसऱ्या सकाळी थंड टायरमध्ये ती कमी भरेल. इशाऱ्याची खालची मर्यादा थंड दाबापेक्षा चार-पाच पीएसआयने खाली ठेवली की थंडीच्या पहाटे खोटा इशारा येत नाही आणि खरी गळती मात्र वेळेत कळते. बरेच सेन्सर बॅटरी वाचवण्यासाठी चाक फिरू लागेपर्यंत झोपलेले असतात, त्यामुळे उभ्या गाडीवर आकडा आला नाही तर घाबरू नये.

आणखी एक गोष्ट जपावी. रबरी देठाच्या व्हॉल्व्हवर सेन्सरचे वजन आले की वेगात चाक फिरताना देठ बाहेर वाकतो आणि मुळाशी चिरू शकतो. धातूचे देठ बसवून घ्यावेत, आणि चाक हाताने एक पूर्ण फेरी फिरवून सेन्सर ब्रेकच्या कॅलिपरला किंवा चाक धरणाऱ्या फोर्कला घासत नाही याची खात्री करावी.

उपकरणातला वेग आणि गाडीच्या काट्यावरचा वेग जुळत नाही. कोणता खरा?

मोकळ्या आकाशाखाली, स्थिर वेगाने सरळ जात असताना उपकरणाचा आकडा सहसा खऱ्याच्या जास्त जवळ असतो. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ३९ नुसार गाडीच्या स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग दाखवता कामा नये, आणि थोडा जास्त दाखवण्याला मुभा आहे. म्हणून उत्पादक काटा किंचित वर ठेवतात. ब्रेक लावताना, बोगद्यात किंवा उंच इमारतींमधून जाताना मात्र उपकरणाचा आकडा मागे पडतो किंवा डगमगतो. हा फरक सेटिंगने घालवण्यासारखा नाही आणि घालवू पाहूही नये.

माझ्याकडे दोन मोटारसायकली आहेत. एकच उपकरण दोन्हींवर कसे वापरावे?

उपकरणात एकापेक्षा जास्त प्रोफाइल करता येत असतील तर प्रत्येक गाडीसाठी वेगळे करावे आणि गाडीच्या नावानेच ठेवावे. येत नसतील तर बदलाव्या लागणाऱ्या गोष्टी कागदावर लिहून तो कागद पाळण्याच्या पेटीत ठेवावा : टाकीचे अंतर, इशाऱ्याचे अंतर, टायरचे सेन्सर आणि कच्च्या रस्त्यांची परवानगी. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. उंच सस्पेन्शनच्या गाडीसाठी खुले ठेवलेले कच्चे रस्ते दुसऱ्या दिवशी खाली बसणाऱ्या, गुळगुळीत टायरच्या गाडीवरही खुलेच राहतात.

चालत्या गाडीवर सेटिंगचे काही पर्याय बंद का होतात?

ती सुरक्षेसाठी ठेवलेली मर्यादा आहे. जास्त लक्ष वेधून घेणारे पर्याय गाडी हलू लागताच कुलूपबंद होतात. काही उपकरणांत ही मर्यादा काढता येते. ती काढू नये असे मी आग्रहाने सांगेन. जाड हातमोज्याच्या बोटाने तीन पाने खोल मेनूत शिरायला लागणारे पाच सेकंद ताशी ८० किलोमीटर वेगाने शंभर मीटरहून अधिक अंतर खातात, आणि एवढा वेळ हँडलवर एकच हात असतो. बाजूला थांबावे, गाडी न्यूट्रलमध्ये घ्यावी, मग बदल करावा.

साइडकार जोडलेल्या गाडीसाठी कोणते प्रोफाइल घ्यावे?

मोटारसायकलचेच, पण वळणांच्या मार्गाची पायरी सर्वांत खाली ठेवून आणि यू-टर्न, कच्चे रस्ते दोन्ही टाळून. रुंदी वाढलेली असते आणि गाडी वळणावर झुकत नाही, त्यामुळे अरुंद घाट तिला मानवत नाहीत.

सॉफ्टवेअर किंवा नकाशा अद्ययावत केल्यावर सेटिंग पुन्हा तपासावी का?

होय. अद्ययावतीकरणानंतर एखादा पर्याय मूळ स्थितीला गेलेला किंवा त्याची जागा बदललेली आढळू शकते, आणि नव्याने आलेला पर्याय तुमच्या मनाविरुद्ध चालू असू शकतो. अद्ययावत करण्याआधी सेटिंगच्या प्रत्येक पानाचे मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावे. नंतर ताडून पाहायला दोन मिनिटे पुरतात. नेहमीच्या ओळखीच्या दोन ठिकाणांदरम्यान एक मार्ग काढून तो पूर्वीसारखाच येतो का हे पाहणे ही सर्वांत चांगली चाचणी.

वापरलेले उपकरण विकत घेतले आहे. वाहन सेटिंगमध्ये आधी काय करावे?

कारखान्यातील मूळ स्थितीवर आणावे आणि सगळे नव्याने भरावे. आधीच्या मालकाने आखलेले टाळायचे भाग, त्याच्या टाकीचा आकडा, त्याच्या टायरचे सेन्सर आणि त्याच्या घराचा पत्ता, हे सारे आत असू शकते. अपघात झाल्यास संदेश पाठवण्याची सोय त्यात असेल तर संपर्काचा क्रमांक सर्वांत आधी पाहावा, कारण तो बदलला नाही तर तुम्ही पडल्याचा निरोप एका अनोळखी घरी जाईल. विकताना हेच काम विकणाऱ्याने स्वतः करून द्यावे, आणि पाळणा, वायर व सेन्सर उपकरणासोबत आहेत ना, हे एकेक करून हातात घेऊन पाहावे.